मान्यता आणि उत्तरदायित्व : लुबुंटूच्या अधिकृत दर्जाची चिकित्सा

प्रस्तावना

मुक्त सॉफ्टवेअरचा विचार करताना सामान्यतः दोन वैशिष्ट्यांवर भर दिला जातो. ते बहुधा विनामूल्य मिळते, हे पहिले वैशिष्ट्य. त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येते, हे दुसरे. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी त्यांतून एक गैरसमज रूढ झाला आहे. ज्याला बदल करण्याचे स्वातंत्र्य आहे त्याला दुसऱ्या कोणाच्या मान्यतेची गरज काय, असे सहज विचारले जाते. परंतु लिनक्सच्या जगात मान्यतेचा प्रश्न वारंवार उपस्थित झालेला दिसतो. काही स्वयंसेवक एकत्र येतात, एखाद्या प्रस्थापित वितरणावर आधारलेली आपली स्वतंत्र आवृत्ती तयार करतात, ती लोकांना आवडते, आणि तरीही मूळ प्रकल्पाने आपल्याला अधिकृत म्हणावे यासाठी ते वर्षानुवर्षे प्रयत्न करीत राहतात.

हे प्रयत्न नेमके कशासाठी होतात? मान्यता देणारा काय तपासतो, आणि मान्यता मिळवणाऱ्याला तिच्या बदल्यात काय द्यावे लागते? प्रस्तुत लेखात उबुंटू या वितरणाच्या परिवारातील लुबुंटू या उपवितरणाच्या आधारे या प्रश्नांची चिकित्सा करावयाची आहे. अधिकृत दर्जा हा तयार झालेल्या वस्तूच्या गुणवत्तेचा गौरव असतो, असे वरवर दिसते. वास्तविक तो त्या वस्तूची पुढील काळात काळजी घेण्याच्या वचनाला दिलेला असतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. हे लक्षात घेतल्यास या व्यवस्थेचे सामर्थ्य आणि तिची दुर्बलता या दोन्ही बाबी स्पष्ट होतात.

१. वितरण आणि उपवितरण

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहिण्यास आरंभ केलेला लिनक्स हा संगणकप्रणालीचा केवळ गाभा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या जीएनयू प्रकल्पातील साधने, पडद्यावरील खिडक्या व मेन्यू दाखविणारे डेस्कटॉप, न्याहाळक, शब्दसंस्करण, टंक आणि हे सर्व संगणकावर बसविणारी व्यवस्था यांची जोड मिळाल्यावरच तो सामान्य माणसाच्या उपयोगाचा होतो. असा जुळवलेला, तपासलेला आणि ठरावीक काळाने नव्याने प्रसिद्ध होणारा संच म्हणजे वितरण होय.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन या वितरणाच्या पायावर उबुंटू उभे आहे. दक्षिण आफ्रिकेचे उद्योजक मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकल या कंपनीच्या पाठबळाने त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्ष आणि महिना यांवरून आवृत्तीला क्रमांक देण्याची पद्धत असल्याने ती ४.१० या क्रमांकाने ओळखली जाते. दर सहा महिन्यांनी, एप्रिल व ऑक्टोबर या महिन्यांत, नवी आवृत्ती काढण्याचा शिरस्ता उबुंटूने आरंभापासून पाळला असून २००६ मधील ६.०६ हा त्याला ठळक अपवाद आहे. दोन महिने उशिरा आलेली ती आवृत्ती दीर्घकाळ देखभालीची म्हणून जाहीर झालेली पहिलीच होती.

उबुंटूने प्रारंभी ग्नोम हा डेस्कटॉप स्वीकारला. ज्यांना वेगळा डेस्कटॉप हवा होता त्यांच्यासाठी त्याच पायावर वेगळ्या रचना तयार होऊ लागल्या. २००५ मध्ये केडीई या डेस्कटॉपवर आधारलेले कुबुंटू आणि शाळांसाठीचे एज्युबुंटू, तर २००६ मध्ये एक्सएफसीई या डेस्कटॉपचे झुबुंटू प्रसिद्ध झाले. उबुंटूच्या परिभाषेत या रचनांना ‘फ्लेवर’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांना उपवितरण म्हटले आहे. या सर्वांचा गाभा आणि पॅकेजांचे भांडार एकच असते. वापरकर्त्याला प्रथम काय दिसावे आणि सोबत कोणती साधने मिळावीत, याची निवड मात्र वेगळी असते.

२. लुबुंटूची वाटचाल

तैवानमधील हाँग जेन यी यांनी २००६ मध्ये एलएक्सडीई या हलक्या डेस्कटॉपची निर्मिती सुरू केली. नवी वितरणे दिवसेंदिवस अधिक स्मृती आणि अधिक वेगवान प्रक्रियक मागू लागली असताना कमी क्षमतेच्या यंत्रावरही सुरळीत चालणारा डेस्कटॉप, हे त्याचे उद्दिष्ट होते. २००९ च्या प्रारंभी शटलवर्थ यांनी एलएक्सडीई प्रकल्पाला उबुंटूच्या समुदायात स्वतःची देखभाल स्वतः करणारा प्रकल्प म्हणून येण्याचे सुचविले. त्याच वर्षी मारिओ बेलिंग यांच्या पुढाकाराने लुबुंटू प्रकल्पाची नोंद झाली. पुढे ज्युलियन लाव्हेर्न्य यांनी त्याच्या तांत्रिक विकासाची धुरा वाहिली.

येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. निमंत्रण खुद्द उबुंटूच्या संस्थापकाकडून आले होते, म्हणजे सदिच्छा पहिल्या दिवसापासून उपलब्ध होती. तरीही अधिकृत दर्जा मिळण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागला. या विलंबाचा अर्थ तारखांच्या क्रमातून उलगडतो. उबुंटूची १०.०४ ही आवृत्ती २९ एप्रिल २०१० रोजी प्रसिद्ध झाली, तर लुबुंटूची पहिली स्थिर आवृत्ती २ मे रोजी, म्हणजे तीन दिवसांनी आली. पुढची १०.१० ही आवृत्ती उबुंटूसोबत त्याच दिवशी, १० ऑक्टोबर २०१० रोजी प्रसिद्ध झाली. ११.०४ ही आवृत्तीदेखील २८ एप्रिल २०११ रोजी उबुंटूबरोबरच आली. या तिन्ही आवृत्त्या अनधिकृत होत्या. त्यांच्या प्रतिमा उबुंटूच्या नियमित बांधणीयंत्रणेतून तयार होत नव्हत्या. प्रकल्पातील मंडळी त्या स्वतंत्रपणे बांधीत होती. मे २०११ मध्ये बुडापेस्ट येथे झालेल्या उबुंटूच्या विकासकांच्या मेळाव्यात लुबुंटूला मान्यता मिळाल्याचे जाहीर झाले. १३ ऑक्टोबर २०११ रोजी प्रसिद्ध झालेली ११.१० ही त्याची पहिली अधिकृत आवृत्ती होय.

या क्रमातून दिसते ते असे, की पहिली आवृत्ती तीन दिवस उशिरा देणाऱ्या गटाने पुढच्या दोन आवृत्त्या मान्यता नसतानाही मूळ वितरणाच्या वेळापत्रकाबरहुकूम दिल्या. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ११.०४ आणि ११.१० यांच्यात जो फरक होता तो दोन लागोपाठच्या आवृत्त्यांत नेहमीच असतो. दर्जा बदलला तो गटाची वागणूक स्थिर झाल्यावर आणि बांधणी सामायिक यंत्रणेत गेल्यावर.

३. अटींचे स्वरूप

उबुंटूमध्ये तांत्रिक बाबींवरील अंतिम निर्णय तांत्रिक मंडळ घेते आणि समुदायाच्या व्यवहाराशी संबंधित बाबी समुदाय परिषदेकडे असतात. उपवितरणाला मान्यता देण्याचा प्रश्न मुख्यतः तांत्रिक मंडळापुढे येतो. मंडळ ज्या गोष्टी पाहते त्यांचे चार भाग पाडता येतील.

पहिला भाग भांडाराचा आहे. उपवितरणातील प्रत्येक पॅकेज उबुंटूच्या सामायिक भांडारात असले पाहिजे. बाहेरून आणलेले, केवळ त्या गटाच्या ताब्यात असलेले पॅकेज चालत नाही. कोणती पॅकेजे प्रतिमेत घ्यावयाची याची यादीदेखील सामायिक यंत्रणेत, सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी लागते. दुसरा भाग माणसांचा आहे. भांडारात पॅकेज चढविण्याचा अधिकार सर्वांना नसतो. तो मिळवण्यासाठी विकासकाला आपल्या आजवरच्या कामाचा दाखला देऊन विकासकांच्या सदस्यत्व मंडळाची संमती घ्यावी लागते. उपवितरणाच्या गटात असा अधिकार असलेली व्यक्ती असणे अपेक्षित असते, अन्यथा प्रत्येक दुरुस्तीसाठी इतरांच्या दारी जावे लागते. तिसरा भाग वेळेचा आहे. बदल थांबविण्याच्या तारखा, चाचणी आवृत्ती, अंतिम तपासणी हे सर्व टप्पे उबुंटूच्या वेळापत्रकानुसार पार पाडावे लागतात. प्रसिद्धीपूर्वी प्रतिमा वेगवेगळ्या यंत्रांवर बसवून पाहिल्याच्या नोंदी कराव्या लागतात आणि गटातील जबाबदार व्यक्तीने ती तयार असल्याचे सांगावे लागते. चौथा भाग नावाचा आहे. ‘उबुंटू’ हे कॅनॉनिकलचे व्यापारचिन्ह असल्याने ते नाव वापरण्यास कंपनीची संमती लागते.

या चार भागांपैकी एकातही ‘हे वितरण सुंदर आहे काय’ किंवा ‘ते किती जणांना आवडते’ असा प्रश्न नाही. अभिरुची वापरकर्त्यांवर सोपविली आहे. मंडळ विचारते ते असे : हे तुम्ही उघड्यावर करता काय, तुमच्यात ते दुरुस्त करू शकणारी माणसे आहेत काय, ती वेळ पाळतात काय, आणि उद्याही ती असतील काय?

महाविद्यालयीन अध्यापकांना या ठिकाणी विद्यापीठाच्या संलग्नतेची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही इमारतीपेक्षा नियुक्त अध्यापक, ग्रंथालय, वेळापत्रक आणि नोंदी यांची विचारपूस होते. मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. महाविद्यालय संलग्नतेशिवाय पदवीचा वर्ग चालवू शकत नाही. उपवितरणाला मात्र मान्यतेआधी प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. तेथे कागदावरील योजनेला किंमत नाही. लुबुंटूच्या तीन अनधिकृत आवृत्त्या हाच त्याचा प्रस्ताव होता.

४. मान्यतेचे लाभ

या अटी पूर्ण केल्याने काय हाती येते, हे पाहू गेल्यास आर्थिक लाभाचे स्थान त्यात फारच थोडे आहे. मान्यतेबरोबर वेतन येत नाही. लाभ आहे तो सामायिक श्रमाचा. प्रतिमा रोजच्या रोज उबुंटूच्या यंत्रणेवर आपोआप बांधल्या जातात, त्या उबुंटूच्या अधिकृत स्थळावरून उतरवून घेता येतात आणि प्रसिद्धीच्या दिवशी इतरांसोबत त्यांचीही घोषणा होते. ज्या गटात मोजकीच माणसे आहेत, त्यांच्या दृष्टीने बांधणीचे काम अंगावरून उतरणे ही मोठी सोय असते.

याहून महत्त्वाचा लाभ वापरकर्त्याचा आहे. सामायिक भांडारातील एका दुरुस्तीचा उपयोग सर्व उपवितरणांना होतो. हे देवनागरी टंकांच्या उदाहरणाने समजून घेता येईल. ज्यांच्या देखभालीत रेड हॅट या कंपनीच्या पुणे येथील अभियंत्यांचा वाटा आहे, ते ‘लोहित’ मालेतील टंक सामायिक भांडारात असल्यामुळे लुबुंटू, कुबुंटू किंवा झुबुंटू यांपैकी काहीही वापरणाऱ्या मराठी माणसाला ते सारखेच उपलब्ध होतात. एखादे जोडाक्षर नीट उमटण्यासाठी तेथे एकदा केलेली दुरुस्ती प्रत्येक उपवितरणाला स्वतंत्रपणे करावी लागत नाही. अनधिकृत गटाने आपल्या खासगी संग्रहात केलेली सुधारणा मात्र तेथेच अडकून राहण्याचा संभव अधिक असतो. भांडाराची अट ही जाचक वाटली तरी ती समुदायाच्या श्रमाची विखुरणी टाळणारी आहे, असे म्हणावे लागेल.

मान्यतेतही पायऱ्या असतात, ही बाब बहुधा दुर्लक्षित राहते. उबुंटूची दर दोन वर्षांनी येणारी एक आवृत्ती दीर्घकाळ देखभालीची असते. उपवितरणाने अशी आवृत्ती द्यावयाची तर त्यासाठी तांत्रिक मंडळाकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि देखभाल करणारी माणसे दाखवावी लागतात. हा काळ साधारणतः तीन वर्षांचा असतो. लुबुंटू २०११ मध्ये अधिकृत झाले, परंतु २०१२ मधील १२.०४ ही त्याची आवृत्ती दीर्घकाळ देखभालीची नव्हती. तो दर्जा त्याला २०१४ मधील १४.०४ या आवृत्तीस प्रथम मिळाला. सहा महिन्यांचे वचन देण्याची क्षमता आणि तीन वर्षांचे वचन देण्याची क्षमता यांत या व्यवस्थेने केलेला हा विवेक प्रामाणिकपणाचा आहे. एखाद्या शाळेने किंवा कार्यालयाने आपल्या प्रयोगशाळेसाठी वितरण निवडताना ‘अधिकृत’ या एका शब्दावर न थांबता हे वचन किती वर्षांचे आहे हे पाहणे अगत्याचे ठरते.

५. मान्यतेचे मूल्य

आतापर्यंतच्या विवेचनावरून ही व्यवस्था निर्दोष आहे असा समज होऊ नये. तिच्यात एक मूलभूत ताण आहे. संहिता मुक्त परवान्याखाली सर्वांची आहे, नाव मात्र एका कंपनीचे आहे. ‘उबुंटू’ हा आफ्रिकेतील न्गुनी भाषासमूहातील, माणसाचे माणूसपण इतरांशी असलेल्या नात्यातून येते असा आशय असलेला शब्द आहे. तोच शब्द व्यापारचिन्ह होतो आणि त्याच्या वापरासाठी परवानगी घ्यावी लागते, ही विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. अर्थात, नावावर कोणाचेच नियंत्रण नसेल तर कोणीही सदोष किंवा घातक आज्ञावली त्या नावाने वाटू शकेल, हाही युक्तिवाद तितकाच सबळ आहे. नावाचे संरक्षण आवश्यक आहे. प्रश्न आहे तो त्या संरक्षणाच्या मर्यादेचा.

ही मर्यादा कोठे असावी यावरून झालेला वाद येथे नोंदविण्याजोगा आहे. कॅनॉनिकलच्या बौद्धिक संपदा धोरणातील काही तरतुदी मुक्त परवान्यांनी दिलेल्या हक्कांवर अतिक्रमण करतात, असा आक्षेप घेतला गेला. कुबुंटूचे प्रमुख विकासक जोनाथन रिडेल हे हा प्रश्न सातत्याने मांडणाऱ्यांपैकी होते. २०१५ च्या मे महिन्यात समुदाय परिषदेने त्यांना नेतृत्वाच्या पदांवरून दूर होण्यास सांगितले आणि त्यातून मोठा विवाद उद्भवला. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थांशी झालेल्या चर्चेनंतर कॅनॉनिकलने धोरणात एक कलम जोडले. मुक्त परवान्यांनी दिलेले हक्क या धोरणामुळे कमी होत नाहीत, असा त्याचा आशय होता. व्यक्तीच्या वर्तनाविषयीचा वाद आणि तत्त्वाविषयीचा वाद येथे एकमेकांत मिसळला होता, त्यामुळे एका पक्षाला सर्वस्वी दोष देणे उचित नाही. तथापि मान्यताप्राप्त गटाला मान्यता देणाऱ्याशी मतभेद करण्यासाठी किती जागा उरते, हा प्रश्न या प्रसंगाने उघड केला.

दुसरे उदाहरण २०२३ मधील आहे. फ्लॅटपॅक ही सॉफ्टवेअर वाटपाची एक पद्धती असून कॅनॉनिकलने स्नॅप ही स्वतःची पद्धती विकसित केली आहे. काही उपवितरणांत फ्लॅटपॅक सुरुवातीपासून उपलब्ध असे. फेब्रुवारी २०२३ मध्ये असे जाहीर झाले, की २३.०४ या आवृत्तीपासून कोणतेही अधिकृत उपवितरण फ्लॅटपॅक मूळ संचात देणार नाही. वापरकर्त्याला ते नंतर बसवून घेण्याची मुभा राहिली. सर्व उपवितरणांत एकसारखेपणा असावा, हे त्यामागील कारण सांगण्यात आले आणि उपवितरणांनी ते मान्य केले. एकसारखेपणाचे महत्त्व नाकारता येत नाही. परंतु वेगळी निवड करता यावी हेच ज्यांच्या अस्तित्वाचे कारण, त्यांच्या निवडीची कक्षा येथे आखून दिली गेली, हेही खरे आहे.

आर्थिक बाजूही पाहिली पाहिजे. कुबुंटूच्या कामासाठी कॅनॉनिकल एका विकासकाला वेतन देत असे. १२.०४ नंतर ते बंद होईल, असे २०१२ च्या प्रारंभी जाहीर झाले. पुढे ब्लू सिस्टिम्स या जर्मन कंपनीने कुबुंटूला आधार दिला. कुबुंटूचा अधिकृत दर्जा या काळात अबाधित राहिला. म्हणजे अपेक्षा त्याच राहिल्या, त्या पूर्ण करण्याचे साधन मात्र दुसरीकडे शोधावे लागले. मान्यता देणाऱ्यावर वेतनाचे बंधन नसते आणि मान्यता घेणाऱ्यावर कामाचे बंधन असते, ही या संबंधातील विषमता होय.

६. मान्यतेनंतरची परीक्षा

मान्यता हे जर वचन असेल तर ते पाळणारी माणसे थकली की काय होते, हे पाहणे क्रमप्राप्त आहे. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम मुद्रित करणाऱ्या संगणकांसाठीचे मिथबुंटू नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद झाले. विकासकांची संख्या अपुरी असल्याचे गटानेच सांगितले. एज्युबुंटूच्या गटाने त्याच वर्षी १६.०४ ही आवृत्ती काढणार नसल्याचे कळविले आणि १४.०४ ची देखभाल तेवढी पुढे चालू ठेवली. शाळांसाठीचे हे उपवितरण नव्या गटाच्या प्रयत्नाने २०२३ मधील २३.०४ या आवृत्तीने पुन्हा परतले. मधल्या सात वर्षांत ज्या शाळा त्यावर अवलंबून होत्या त्यांना दुसरी सोय पाहावी लागली असणार.

उबुंटू ग्नोमचा शेवट निराळा आहे. उबुंटूने आपला युनिटी हा डेस्कटॉप स्वीकारल्यावर ग्नोमच्या चाहत्यांनी २०१२ मध्ये ही आवृत्ती सुरू केली आणि २०१३ मधील १३.०४ पासून ती अधिकृत झाली. एप्रिल २०१७ मध्ये शटलवर्थ यांनी युनिटी सोडून ग्नोमकडे परतण्याचे जाहीर केले, तेव्हा या उपवितरणाचे प्रयोजन संपले. त्याचा गट मूळ उबुंटूच्या कामात सामील झाला. येथे उपवितरणाचे विसर्जन हाच त्याचा विजय ठरला.

मूळ उबुंटूने टाकून दिलेला युनिटी मग समुदायाने उचलला. २०२० मध्ये एका भारतीय शाळकरी मुलाने ‘उबुंटू युनिटी’ सुरू केले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये २२.१० या आवृत्तीने त्याला अधिकृत दर्जा मिळाला. वय, पदवी किंवा कंपनीतील पद यांची विचारणा न करता काम पाहून मान्यता देणारी व्यवस्था म्हणून या घटनेचे मोल मोठे आहे. परंतु ऑक्टोबर २०२५ मध्ये या उपवितरणाची २५.१० ही आवृत्ती ठरल्या वेळी येऊ शकली नाही आणि गटाला मदतीचे आवाहन करावे लागले. हा त्या मुलाचा दोष मानणे अन्यायाचे होईल. ज्या कामासाठी संस्था लागते ते मोजक्या व्यक्तींच्या मोकळ्या वेळेवर सोपविल्याचा हा परिणाम आहे.

७. मान्यतेविना मार्ग

मान्यता हाच एकमेव मार्ग आहे असेही नाही. २००६ मध्ये क्लेमाँ लफेव्र यांनी सुरू केलेले लिनक्स मिंट प्रारंभापासून मुख्यतः उबुंटूच्या परिवाराचाच आधार घेत आले. त्याची पहिली आवृत्ती कुबुंटूवर आधारलेली होती. परंतु त्याने स्वतःचे वेगळे नाव घेतले आणि उबुंटूच्या परिवारातील दर्जाची अपेक्षा ठेवली नाही. त्यामुळे आपल्या निवडी आपण करण्याचे स्वातंत्र्य त्याला राहिले. त्याचबरोबर बांधणी, वाटप आणि निधी यांची सर्व जबाबदारीही त्याच्यावरच आली.

या स्वातंत्र्यातून निर्माण झालेला सिनॅमन हा डेस्कटॉप पुढे उबुंटूच्या परिवारात आला, ही लक्षणीय घटना होय. २०१९ मध्ये ‘उबुंटू सिनॅमन रीमिक्स’ या नावाने सुरू झालेला समुदायाचा प्रयत्न २०२३ मधील २३.०४ या आवृत्तीने अधिकृत झाला. ‘रीमिक्स’ हा शब्द येथे अर्थपूर्ण आहे. अद्याप मान्यता नसलेल्या परंतु उबुंटूवर आधारलेल्या रचनेला तो शब्द जोडून वावरता येते, म्हणजे उमेदवारीच्या काळासाठीही या व्यवस्थेने एक नाव राखून ठेवले आहे. सिनॅमनचा हा प्रवास असे सांगतो, की नवनिर्मिती बऱ्याचदा मान्यतेच्या कुंपणाबाहेर होते आणि तिची दीर्घकालीन जोपासना कुंपणाच्या आत. दोन्हींची गरज आहे. केवळ अधिकृतांचा विचार करणारी समीक्षा पहिल्या अर्ध्या भागाला मुकते.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. लुबुंटूला अधिकृत दर्जा मिळाला तो एखाद्या चमकदार वैशिष्ट्यामुळे नव्हे. तीन आवृत्त्यांतून दाखविलेली नियमितता, सामायिक भांडाराचा स्वीकार आणि दुरुस्तीची जबाबदारी घेणारी माणसे यांमुळे तो मिळाला. या अर्थाने उबुंटूची मान्यताप्रक्रिया न्याय्य आणि अनुकरणीय आहे. तिचे निकष आधी ठाऊक असतात, निर्णय उघडपणे होतात आणि अर्जदाराचे काम सर्वांसमोर असते.

परंतु ही प्रक्रिया प्रवेशाच्या क्षणी जितकी दक्ष आहे तितकी नंतरच्या काळात आधार देणारी नाही. प्रवेशद्वारावर माणसांची तपासणी होते, पुढे त्या माणसांची जागा कोणी घ्यावी याची तरतूद मात्र गटावरच सोडली जाते. मिथबुंटूचा अंत, एज्युबुंटूची दीर्घ अनुपस्थिती आणि उबुंटू युनिटीची अडचण ही तीन वेगवेगळ्या काळांतील उदाहरणे एकाच उणिवेकडे निर्देश करतात. उत्तराधिकाऱ्याची योजना ही मान्यतेची पाचवी अट असावी, आणि तिच्या बदल्यात मान्यता देणाऱ्यानेही नव्या विकासकांच्या प्रशिक्षणाचा काही भार उचलावा, असे सुचविता येईल.

लुबुंटूने स्वतःपुरती ही कसोटी आजवर निभावली आहे. २०१८ मधील १८.१० या आवृत्तीत त्याने एलएक्सडीई सोडून एलएक्सक्यूटी हा नवा डेस्कटॉप स्वीकारला. १९.०४ पासून बत्तीस बिटांच्या जुन्या यंत्रांसाठी प्रतिमा काढणेही थांबविले. आरंभीची माणसे बदलली, डेस्कटॉप बदलला, ज्या जुन्या यंत्रांसाठी ते जन्माला आले त्यांतील काही मागे पडली. २०११ मध्ये ज्या वस्तूला मान्यता मिळाली होती तिचा फारच थोडा भाग आज शिल्लक आहे. तरीही दर सहा महिन्यांनी, ठरल्या वेळी, लुबुंटूची नवी आवृत्ती येत राहिली. दर्जा टिकला तो या येण्यामुळे.